अंडी, दूध, साखर आणि जायफळ : अमेरिकेच्या दक्षिणेतला साधा कस्टर्ड पाय घरी कसा करायचा आणि तो बिघडतो कशामुळे?

जुन्या मूकपटांमध्ये एक जण दुसऱ्याच्या तोंडावर पांढऱ्या मऊ पदार्थाने भरलेली थाळी फाडकन मारतो, तो प्रसंग तुम्ही कधी ना कधी पाहिला असेलच. लॉरेल आणि हार्डीच्या १९२७ सालच्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी'मध्ये तर अख्खा रस्ता या फेकाफेकीत उतरतो. इंग्रजीत असल्या विनोदाला 'कस्टर्ड पाय कॉमेडी' असंच म्हणतात.

पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये, म्हणजे व्हर्जिनिया, कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा या पट्ट्यात, कस्टर्ड पाय हा घरात आजीच्या हातचा म्हणून आठवला जाणारा पदार्थ आहे. मैद्याची खुसखुशीत पारी, तिच्यात अंडी-दूध-साखरेचं मिश्रण आणि वरून जायफळ. फळं नाहीत, चॉकलेट नाही, क्रीमही नाही. यादी वाचली की वाटतं, यात अवघड काय आहे?

मलाही तेच वाटलं होतं. पहिला प्रयत्न झाल्यावर मी आईला फोन करून म्हटलं, "पाय बिघडला." ती घाबरून म्हणाली, "अगं, कुठे धडपडलीस?" मराठीत या पदार्थाचं नाव घ्यायचं म्हणजे ही एक अडचण आहेच. असो.

बिघडला म्हणजे नेमकं काय झालं होतं? वर मधोमध लांब भेग. कापल्यावर आत बारीक बारीक छिद्रं. ताटलीत पिवळसर पाणी. तळाची पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी. आणि वर अंड्याचा उग्र वास. ४ अंडी, अर्धा लिटर दूध आणि रविवारची सकाळ, सगळं वाया. माझी मावशी बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलिनात राहते. तिच्या शेजारच्या आजींनी तिला हा पाय शिकवला, त्यामुळे तिला व्हिडिओ कॉल लावला. तिने एकच प्रश्न विचारला : "पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा मधे हलत होता का?"

"हो, हलत होता. म्हणून तर अजून २० मिनिटं ठेवला."

"अगं, मग झालाच होता की तो! हलतोय तेव्हाच काढायचा असतो."

या एका वाक्यात या पदार्थाची जवळजवळ सगळी मेख आहे. ती समजून घेतली तर ओव्हन साधा असला तरी चालतो.

आपलं कस्टर्ड आणि हे कस्टर्ड

आपल्यापैकी बहुतेकांना कस्टर्ड म्हणजे पावडर माहीत असते. दुधात पिवळी पावडर कालवायची, उकळी आणायची, गार करायची, त्यात केळी-सफरचंद-डाळिंबाचे दाणे टाकायचे. लग्नाच्या पंगतीत आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये आपण 'फ्रूट कस्टर्ड' म्हणून हेच खाल्लेलं असतं. पुण्याच्या वीकफिल्डच्या डब्यावर अनेक घरांचं कस्टर्ड वाढलं आहे.

गंमत अशी, की या पावडरमध्ये अंडं नसतं आणि ते नसावं म्हणूनच ती जन्माला आली. १८३७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. मक्याचं पीठ, रंग आणि सुवास, एवढाच तो मामला. म्हणजे आपण ज्याला कस्टर्ड म्हणत आलो, ते मूळ कस्टर्डला काढलेला पर्याय आहे.

या दोघांतला फरक स्वयंपाकघरात फार महागात पडतो. पावडरचं कस्टर्ड उकळल्याशिवाय घट्ट होत नाही, कारण त्यातला स्टार्च चांगला गरम झाल्यावरच फुगतो. अंड्याचं कस्टर्ड मात्र उकळीच्या जवळ गेलं तरी फाटतं. आपल्या हाताला सवय पहिल्याची आहे. 'अजून जरा शिजू दे' हे आपल्या अंगात भिनलेलं आहे आणि कस्टर्ड पायला नेमकं तेच मानवत नाही.

आपल्या ओळखीचा जवळचा नातेवाईक शोधायचा असेल तर गोव्यातलं किंवा मुंबईच्या इराणी कॅफेतलं कॅरॅमल कस्टर्ड आठवा, नाहीतर पारशी लग्नातलं 'लगन नु कस्टर्ड'. आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी तुलना म्हणजे खरवस. चिकाच्या दुधात प्रथिनं इतकी असतात, की नुसत्या वाफेवर ते थापल्यासारखं घट्ट होतं. कस्टर्डमध्ये तेच काम अंड्यातली प्रथिनं करतात. खरवस जास्त उकडला की त्याला जाळी पडते आणि पाणी सुटतं, हे ज्यांच्या घरी खरवस होतो त्यांना सांगायला नको. माझ्या पायचं जे झालं, ते हेच.

जाता जाता आणखी एक : इंग्रजीतला 'कस्टर्ड' हा शब्द मुळात पारीवरून, म्हणजे 'क्रस्ट'वरून आला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'क्रस्टार्ड' म्हणजे पारीत भरून भाजलेला पदार्थ. पुढे शब्द आतल्या मिश्रणाला चिकटला आणि पारी मागे पडली. म्हणजे 'कस्टर्ड पाय' हे नाव थोडंसं 'पिवळा पीतांबर' छापाचं आहे.

हा पाय दक्षिणेत कसा रुजला?

इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी पाय आणि कस्टर्ड दोन्ही सोबत आणलं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत ते टिकून राहिलं, त्याचं कारण साधं होतं. शेतावरच्या घरात कोंबड्या असायच्या, गाय असायची. वसंत ऋतूत अंडी आणि दूध भरपूर मिळायचं, पण झाडांवर फळं यायला अजून वेळ असायचा आणि साठवणीतली सफरचंदं संपलेली असायची. मग पायमध्ये भरायचं काय? जे घरात आहे ते. अशा पायांचं एक अख्खं घराणंच तिथे आहे : ताक घातलेला बटरमिल्क पाय, लोणी-साखर-अंड्यात थोडं मक्याचं पीठ घातलेला चेस पाय, आणि लिंबूही परवडत नसेल तेव्हा आंबटपणासाठी व्हिनेगर घातलेला व्हिनेगर पाय. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून 'डेस्परेशन पाय' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वेळ मारून नेणारे पाय. रताळ्याचा पायही याच कुळातला, फक्त कस्टर्डमध्ये रताळ्याचा लगदा घातलेला.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. हे पाय करत कोण होतं?

१८२४ साली मेरी रँडॉल्फ यांचं 'द व्हर्जिनिया हाऊसवाइफ' हे पुस्तक आलं. दक्षिणेच्या स्वयंपाकाचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. रँडॉल्फ या व्हर्जिनियातल्या मोठ्या जमीनदार घराण्यातल्या. अशा घरांच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे उभ्या असायच्या त्या गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीय बायका. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ दक्षिणेतल्या श्रीमंत घरांचं 'घरचं जेवण' या बायकांच्या हातचं होतं. पुस्तकांवर नाव मात्र त्यांचं नसायचं.

म्हणून १८६६ साल महत्त्वाचं. त्या वर्षी मिशिगन राज्यातल्या पॉ पॉ नावाच्या लहान गावात मलिंडा रसेल यांनी 'अ डोमेस्टिक कुक बुक' हे छोटेखानी पुस्तक छापलं. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने लिहिलेलं, आजवर सापडलेलं हे सगळ्यात जुनं पाककृतींचं पुस्तक. रसेल जन्मापासून गुलाम नव्हत्या. त्या टेनेसीच्या. तिथे त्यांनी खाणावळ चालवली, केक-पेस्ट्रीचं दुकान चालवलं. यादवी युद्धाच्या काळात लुटालूट झाली, त्यात होतं-नव्हतं ते गेलं आणि मुलाला घेऊन त्या उत्तरेकडे निघून आल्या. गावी परत जाण्यापुरते पैसे उभे करायला त्यांनी हे पुस्तक काढलं. त्यात बहुतेक कृती गोडाच्या आहेत, त्याही दोन-चार ओळींच्या. प्रस्तावनेत त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत : आपण हे काम व्हर्जिनियातल्या फॅनी स्टुअर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडून शिकलो, आणि आपली पद्धत 'व्हर्जिनिया हाऊसवाइफ'ची आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. एका वाक्यात छापील पुस्तकाचं ऋण आहे, आणि दुसऱ्यात अशा बाईचं नाव आहे जिचं स्वतःचं पुस्तक कधी निघालं नाही.

दुसरं नाव ॲबी फिशर यांचं. दक्षिणेतून त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या आणि तिथे लोणची-मुरंबे करून नाव कमावलं. १८८१ साली त्यांचं जुन्या दक्षिणी स्वयंपाकाचं पुस्तक आलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि इतरांनी लिहून घेतलं.

हे सगळं पायच्या लेखात कशाला? कारण या कृतींमध्ये भट्टीचं तापमान नसायचं. ते मोजायचं साधनच नव्हतं. तापमान ठरवून ठेवता येणारे ओव्हन घरोघरी आले ते विसाव्या शतकात. त्याआधी लाकडाच्या चुलाण्यात हात घालून 'मंद आहे' की 'तेज आहे' हे ठरवायचं आणि पाय हलवून तो झाला की नाही हे ओळखायचं. हातात असलेलं ज्ञान कागदावर उतरताना नेमकं हेच गळून जातं. मावशीच्या शेजारच्या आजींकडेही कृती लिहिलेली नव्हती. मावशीने त्यांच्या शेजारी उभं राहून वाटीने मापं घेतली, आणि 'किती वेळ भाजायचा' या प्रश्नावर आजींनी नुसता हात आडवा धरून थरथरवून दाखवला.

तो थरथरणारा हात म्हणजे नेमकं किती अंश?

अंड्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळून ठेवलेले लांब धागे समजा. उष्णता लागली की ते उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्या जाळीत दूध अडकून बसतं. त्यालाच आपण कस्टर्ड 'धरलं' असं म्हणतो.

नुसतं अंडं ६०-७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होतं. पण त्यात दूध आणि साखर घातली की प्रथिनं एकमेकांपासून लांब जातात. साखरही त्यांना उलगडायला उशीर लावते. त्यामुळे कस्टर्ड धरायला सुरुवात होते साधारण ७७ ते ८० अंशांना. आणि ८५च्या आसपास ते फाटायला लागतं. म्हणजे 'कच्चं' आणि 'बिघडलेलं' यांच्यामधला रस्ता जेमतेम ५-७ अंशांचा आहे.

त्यापुढे काय होतं? जाळी आवळत जाते. ओला टॉवेल पिळावा तसं त्यातलं पाणी बाहेर येतं. ताटलीतलं पाणी ते हेच. आत वाफेचे बुडबुडे अडकून छिद्रं पडतात, वरचा भाग आक्रसून भेगाळतो. अंड्याचा वासही वाढतो, कारण जास्त उष्णतेने अंड्यातली गंधकयुक्त संयुगं सुटी होतात. 'मला अंड्याचा वास नको म्हणून नीट शिजवलं' असं म्हणणारे लोक, म्हणजे मीच, नेमका तो वास वाढवून ठेवतात.

आता मोठी अडचण अशी, की ओव्हनमधून काढल्यावर पाय शिजायचा थांबत नाही. कडेचा भाग मधल्या भागापेक्षा जास्त तापलेला असतो. ती उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी वाढतं. त्यामुळे मधला भाग ओव्हनमध्येच घट्ट दिसायला लागला, तर बाहेर आल्यावर तो मर्यादा ओलांडणार हे ठरलेलं.

मग हलणारा पाय खाल्ला तर अंडं कच्चं राहिलेलं नसतं का? शंका रास्त आहे, माझ्या आईनेही तीच काढली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार अंडी घातलेले पदार्थ आतपर्यंत ७१ अंशांना पोचले की खायला सुरक्षित असतात. थरथरणारा पाय मध्यभागी ७५-७७ अंशांवर असतो. तो कच्चा दिसतो, पण शिजलेला असतो. घरात अन्नाचा थर्मामीटर असेल तर मधोमध टोचून बघा. छोटं भोक पडेल, त्यावर जायफळ किसा.

आता प्रत्यक्ष कृती

माप ९ इंची, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटरच्या पाय डिशचं आहे. काचेपेक्षा धातूची डिश घ्या, तळ लवकर तापतो.

पारीसाठी : मैदा १६० ग्रॅम, थंडगार लोणी ११० ग्रॅम, अर्धा छोटा चमचा मीठ, ३ ते ४ मोठे चमचे बर्फाचं पाणी. लोणी मिठाचं असेल तर वरचं मीठ वगळा.

मैद्याबद्दल थोडं. दक्षिणेतल्या पाय-बिस्किटांचा नाजूकपणा तिथल्या मऊ गव्हामुळे येतो. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेला 'व्हाइट लिली'चा मैदा त्यासाठीच प्रसिद्ध आहे, त्यात प्रथिनं कमी असतात. आपल्या मैद्यातून २ मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं तर बराच फरक पडतो.

आणि स्निग्धाचं काय? जुन्या काळी डुकराची चरबी वापरायचे. मग १९११ साली 'क्रिस्को' आलं, आणि त्याची गोष्ट विदर्भातल्या वाचकांना ओळखीची वाटेल. कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेत सरकीचे ढीग पडायचे. सरकीच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचं घट्ट, पांढरं वनस्पती तूप केलं आणि ते चरबीला पर्याय म्हणून विकलं. आपल्याकडचा डालडा याच कुळातला. त्या पारीच्या खुसखुशीतपणाबद्दल वाद नाही, पण चव लोण्याचीच चांगली. मी लोणीच घेते.

लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, पण पूर्ण एकजीव करायचं नाही. मटारएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत, तेच पुढे पापुद्रे बनवतात. पाणी घालून गोळा जेमतेम जमला की थांबा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. मळल्याने ग्लुटेन तयार होतं, पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. गोळा फ्रिजमध्ये तासभर ठेवा, मग लाटून डिशमध्ये बसवा आणि पुन्हा अर्धा तास गार करा. एप्रिल-मेमध्ये हे करत असाल तर लोणी हातात वितळतं, तेव्हा सकाळी लवकर करा किंवा मधेमधे सगळं फ्रिजमध्ये टाका.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली की तळ ओला राहतो. पारी आधी रिकामीच भाजायची. ओव्हन १९० अंशांवर तापवा. पारीवर बटर पेपर ठेवून त्यात राजमा किंवा हरभरे भरा, म्हणजे ती फुगणार नाही. २० मिनिटं झाली की कडधान्यं आणि कागद काढा आणि आणखी १० मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईपर्यंत भाजा. गरम असतानाच आतून अंड्याचा पांढरा बलक पातळसा फासा. पारी आणि कस्टर्ड यांच्यामध्ये त्याचा पडदा तयार होतो. हा बलक खालच्या अंड्यांपैकीच एकातून चमचाभर काढला तरी चालतो. ते कडधान्य पुन्हा शिजवून खाता येत नाही, पुढच्या पायसाठी बरणीत ठेवा.

कस्टर्डसाठी : अर्धा लिटर दूध, ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, पाव छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा व्हॅनिला आणि जायफळ.

दूध कुठलं? पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३. अमेरिकेतलं नेहमीचं 'होल मिल्क' सव्वातीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे गाईचं पिशवीतलं दूध त्याच्या सगळ्यात जवळ जातं. म्हशीच्या दुधाचा पाय वाईट लागतो असं नाही, पण तो बासुंदीकडे झुकतो.

दूध गरम करा. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद, उकळी नको. एका भांड्यात अंडी, साखर, मीठ आणि व्हॅनिला हलक्या हाताने फेटा. केकसारखा फेस काढायचा नाही, कारण फेस वर येऊन भाजतो आणि पायवर खडबडीत थर राहतो. मग गरम दूध बारीक धारेने अंड्यात ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. एकदम ओतलं तर ऑम्लेटच्या गुठळ्या होतील. सगळं गाळणीतून गाळा. अंड्यातले पांढरे धागे गाळणीत राहतात, आणि गुळगुळीत पायचं अर्धं श्रेय त्या गाळणीला असतं.

आता ओव्हन १६० अंशांवर आणा. पारी अजून गरम असावी, दूधही गरम असावं. दोन्ही गरम असली की कस्टर्ड लवकर धरतं आणि पारीला दूध पिऊन बसायला वेळ मिळत नाही. पारी ओव्हनच्या दारातल्या जाळीवरच ठेवून मिश्रण तिच्यात ओता. भरलेली थाळी ओट्यावरून उचलून नेताना मी एकदा अर्धं कस्टर्ड फरशीला पाजलं आहे.

वरून जायफळ किसा, सढळ हाताने. पूड नको, अख्खं जायफळ घ्या. इथे आपण फायद्यात आहोत, कारण श्रीखंड-पुरणपोळीमुळे ते घरात असतंच आणि कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांमध्ये पिकतंही. मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं हे फळ व्यापाराच्या वाटेने इंग्लंडच्या कस्टर्डमध्ये गेलं आणि तिथून अमेरिकेच्या दक्षिणेत. पाय भाजायला लागला की घरात येणारा वास अमेरिकेचा वाटत नाही, सणाच्या दिवसाचा वाटतो.

भाजायला ४० ते ५० मिनिटं लागतात. पण ३५व्या मिनिटापासून बघायला सुरुवात करा, घड्याळावर विसंबू नका. छोट्या ओटीजीमध्ये वरची कॉइल जवळ असते, त्यामुळे वरचा भाग आधी करपतो. जाळी सगळ्यात खाली लावा, शक्य असेल तर फक्त खालची कॉइल चालू ठेवा, आणि वर रंग लवकर येत असेल तर ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर झाका. कढईत मीठ पसरून त्यावर भाजण्याची युक्ती केकला चालते. पायची पारी मात्र त्यात पांढरीफटक राहते, मी करून पाहिलं आहे.

बघायचं कसं? डिशला कडेने हलकेच धक्का द्या. कडेचा दोन बोटं रुंदीचा भाग स्थिर आणि किंचित फुगलेला असला पाहिजे. मधला आमटीच्या वाटीएवढा गोल नुकत्या जमलेल्या जेलीसारखा एकसंध थरथरला पाहिजे. पाण्यासारख्या लाटा उठत असतील तर ५ मिनिटं थांबा. काहीच हलत नसेल तर उशीर झाला, लगेच काढा. जुन्या पद्धतीत सुरी टोचून बघतात. तीही चालते, पण सुरी कड आणि मध्य यांच्या अध्यावर टोचायची. मधोमध टोचून ती स्वच्छ निघायची वाट पाहिली की पाय गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्या वेळी मी ४१व्या मिनिटाला पाय काढला. खरं सांगते, ओव्हनचं दार उघडं ठेवून मी दोनदा तो परत आत ढकलणार होते. व्हिडिओ कॉलवरून मावशी ओरडली, "हात लावू नकोस आता!" बाहेर जाळीवर ठेवल्यावर १५-२० मिनिटांत तो गोल माझ्या डोळ्यांदेखत लहान होत गेला, आणि तासाभराने डिश हलवली तर सगळा पाय एकसारखा स्थिर होता.

पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कस्टर्ड कापलं की ओघळतं आणि मग शिजलंच नाही असं वाटून पुढच्या वेळी आपण जास्त भाजतो. अंडी-दुधाचा पदार्थ असल्याने तो २ तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. फ्रिजमध्ये तो ३-४ दिवस टिकतो. पारी मात्र दुसऱ्या दिवसापासून मऊ पडायला लागते, त्यामुळे केलेल्या दिवशी संध्याकाळी खाल्लेला पाय सगळ्यात चांगला.

अंड्याशिवाय करता येईल का, हा प्रश्न येणार हे माहीत आहे. कॉर्नफ्लोअर घालून दुधाची पारी भरता येते आणि ती चांगलीही लागते. फक्त मग ती आल्फ्रेड बर्डच्या वाटेची होते, तिला उकळावं लागतं, आणि वर सांगितलेलं थरथरण्याचं गणित तिला लागू पडत नाही.

माझ्या दुसऱ्या पायची पारी एका बाजूने थोडी आक्रसली होती, लाटल्यावर ती गार करायचा कंटाळा केला म्हणून. पण कापल्यावर सुरीला धार लागल्यासारखी सरळ फोड निघाली, ताटलीत पाण्याचा थेंब नव्हता. मावशीला फोटो पाठवला. तिने तो शेजारच्या आजींना दाखवला. त्यांचा निरोप आला : जायफळ अजून हवं होतं.